पत्ता बदलला, पत्र पोहोचले का?

समजा तुमचा एक मित्र नाशिकला पंचवटीत राहतो. दिवाळीच्या सुटीत तुम्ही त्याला एक पोस्टकार्ड टाकले. पत्ता नीट लिहिला, पिन कोडही अचूक घातला : ४२२००३. पण तुम्हाला ठाऊक नव्हते, की गेल्याच महिन्यात त्या मंडळींनी आपले बिऱ्हाड नाशिक रोडला हलवले आहे. आता तुमच्या कार्डाचे काय होईल?

जरा विचार केलात तर चार शक्यता दिसतील.

पहिली शक्यता अशी, की मित्राच्या वडिलांनी निघण्यापूर्वी टपाल कचेरीत आपला नवा पत्ता लेखी देऊन ठेवला आहे. मग पोस्टमन कार्डावरचा जुना पत्ता खोडतो, शेजारी नवा पत्ता लिहितो आणि कार्ड ४२२१०१ कडे रवाना होते. एक-दोन दिवस उशीर होईल, पण कार्ड पोहोचेल.

दुसरी शक्यता : मंडळींनी घर बदललेलेच नाही. ती फक्त महिनाभरासाठी गावी गेली आहेत आणि 'तेवढ्यापुरते आमचे टपाल गावी पाठवा' असे सांगून गेली आहेत. कार्ड गावी जाईल, पण पुढच्या महिन्यातले कार्ड पुन्हा पंचवटीतच यायला हवे.

तिसरी शक्यता : कोणी कोणालाच काही कळवलेले नाही. पोस्टमन दार ठोठावतो, नवा भाडेकरू मान हलवतो. कार्डावर 'सूचना न देता गेले' अशा अर्थाचा इंग्रजी शेरा पडतो आणि कार्ड तुमच्याकडे परत येते. अर्थात, तुम्ही आपला पत्ता कार्डावर लिहिला असेल तर!

चौथी शक्यता : ती इमारतच पाडली गेली आहे आणि पोस्टमनला ते पक्के ठाऊक आहे. तो तुम्हाला स्पष्ट कळवतो, 'हे घर आता नाही. पुन्हा या पत्त्यावर लिहू नका.'

आता पोस्टकार्ड बाजूला ठेवा आणि संगणकाकडे वळा. इंटरनेटवरच्या प्रत्येक पानालाही असाच एक पत्ता असतो. पाने हलतात, संस्थांची नावे बदलतात, जुनी माहिती काढून टाकली जाते. जुना पत्ता मात्र पुस्तकांत, पत्रकांत, लोकांच्या वहीत आणि इतर हजारो पानांवर तसाच राहतो. त्या जुन्या पत्त्यावर येणाऱ्या वाचकाचे काय करायचे? आश्चर्य वाटेल, पण इंटरनेटनेही या प्रश्नाची हीच चार उत्तरे ठरवून ठेवली आहेत, आणि प्रत्येक उत्तराला एक तीन आकडी क्रमांक दिला आहे!

तीन आकड्यांचे उत्तर

तुम्ही एखादा दुवा दाबता तेव्हा नेमके काय घडते? तुमच्या संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा ब्राउझर एक छोटीशी चिठ्ठी लिहितो : 'अमुक पत्त्यावरचे अमुक पान मला द्या.' ही चिठ्ठी दूरवरच्या एका संगणकाकडे जाते. त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर चिठ्ठी वाचतो आणि उत्तर पाठवतो. या उत्तराच्या पहिल्याच ओळीत एक तीन आकडी क्रमांक असतो. तो पाहिला, की उत्तर कोणत्या प्रकारचे आहे हे ब्राउझरला लगेच समजते.

आपल्या पिन कोडशी तुलना करून पाहा. पिन कोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही पद्धत आखणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी होते, आणि संस्कृतमधले कवी-नाटककारही होते. पिन कोडमधला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा आकडा ४. पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा ठरतो. नाशिकचा ४२२. उरलेले तीन आकडे बटवडा करणारी टपाल कचेरी दाखवतात. म्हणजे छाननी करणाऱ्याला सगळा पत्ता वाचण्याची गरजच नाही.

सर्व्हरच्या क्रमांकातही पहिला आकडा असाच महत्त्वाचा असतो. २ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे काम झाले. २०० आला, की समजावे पान मिळाले. ३ म्हणजे 'इथे नाही, तिकडे जा'. ४ म्हणजे विचारणाऱ्याच्या बाजूने काहीतरी चुकले आहे, आणि ५ म्हणजे सर्व्हरचीच काही अडचण आहे. म्हणजे आपल्या चार शक्यतांपैकी पहिल्या दोन ३ च्या घरात बसतात आणि उरलेल्या दोन ४ च्या घरात. त्या अशा :

३०१ : कायमचे हलले. (नवा पत्ता कळवून बिऱ्हाड हलवले.)
३०२ : तात्पुरते दुसरीकडे आहे. (महिनाभर गावी गेले.)
४०४ : सापडले नाही. (सूचना न देता गेले.)
४१० : होते, पण आता काढून टाकले आहे. (इमारत पाडली.)

३०१ किंवा ३०२ असे उत्तर देताना सर्व्हर 'लोकेशन' नावाची आणखी एक ओळ जोडतो. तीत नवा पत्ता लिहिलेला असतो. ब्राउझर ती वाचून लगेच नव्या पत्त्याकडे दुसरी चिठ्ठी धाडतो. हे सारे क्षणार्धात होते. तुम्हाला फक्त एवढेच दिसते, की आपण एक पत्ता टाकला आणि वर दुसराच उमटला. याला पुनर्निर्देशन म्हणतात.

४०४ या आकड्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत ४०४ क्रमांकाची एक खोली होती आणि तिथल्या संगणकातल्या फाइली सापडत नसत, म्हणून हा आकडा निवडला, अशी ही गोष्ट. ही निव्वळ दंतकथा आहे. ४ म्हणजे विचारणाऱ्याच्या बाजूची चूक आणि ०४ हा त्या गटातला अनुक्रमांक. याहून अधिक रहस्य त्यात नाही.

सिंहस्थातले रस्ते

३०१ काय आणि ३०२ काय, वाचक शेवटी नव्या पानावरच पोहोचतो. मग दोन वेगळे क्रमांक कशाला? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो अगदी योग्य आहे.

नाशिकमध्ये दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. २००३ साली भरला, २०१५ साली भरला, आणि पुढचा २०२६-२७ चा. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे लाखो लोक येतात. गर्दीला नीट वाट दाखवणे हे किती गंभीर काम आहे, ते २००३ च्या सिंहस्थाने शिकवले. त्या वर्षी २७ ऑगस्टला एका अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ जणांचे प्राण गेले. अशा दिवसांत नेहमीचे रस्ते बंद करून वाहने दुसरीकडे वळवावी लागतात. चौकाचौकांत पाट्या लागतात. पण पर्वणी संपली, की पाट्या उतरतात आणि जुना रस्ता पुन्हा सुरू होतो. आता कल्पना करा, की एखाद्या रिक्षावाल्याने त्या दिवशीची पाटी कायमची समजून मनात पक्की केली. मेळा संपून सहा महिने झाले तरी तो उतारूंना लांबच्या वळणानेच नेत राहील!

ब्राउझरचेही तसेच आहे. '३०१, कायमचे हलले' असे उत्तर मिळाले, की ब्राउझर ते आपल्या स्मरणात ठेवू शकतो. पुढच्या वेळी तो जुन्या दाराशी न जाता थेट नव्या पत्त्यावर जातो. शोधयंत्रेही जुना पत्ता वगळून नवा नोंदवू लागतात. पण '३०२, तात्पुरते' असे उत्तर मिळाले, तर दर वेळी आधी जुन्या दारावरच चौकशी होते. म्हणून तात्पुरत्या कामासाठी चुकून ३०१ लावले, तर मूळ पान पुन्हा उघडल्यावरही काही वाचक भलतीकडेच जात राहतात. उलट, कायम हललेल्या पानाला ३०२ लावले तर जगाला नवा पत्ता शिकायला उशीर लागतो.

यात आणखी एक बारकावा आहे. समजा तुम्ही परीक्षेचा अर्ज भरून 'पाठवा' हे बटण दाबले, आणि नेमके त्याच पत्त्यावर पुनर्निर्देशन लावलेले आहे. जुन्या रूढीप्रमाणे ३०१ किंवा ३०२ मिळाले, की बरेचसे ब्राउझर नव्या पत्त्यावर नुसते 'पान द्या' एवढेच म्हणतात. तुम्ही भरलेली माहिती मागेच राहते. म्हणजे पोस्टमनने नव्या घराची बेल वाजवली, पण पार्सल आणले नाही असा प्रकार! हे टाळण्यासाठी ३०७ (तात्पुरते) आणि ३०८ (कायमचे) असे आणखी दोन क्रमांक योजले आहेत. त्यांचा अर्थ : 'जसे मागितलेस तसेच, जे आणलेस त्यासकट, तिकडे जा.'

पान काढूनच टाकले तर?

प्रत्येक पान हललेले नसते. काही पाने खरोखरच काढून टाकावी लागतात. गेल्या वर्षीच्या स्पर्धेची जाहिरात असेल किंवा चुकीची निघालेली माहिती असेल. अशा वेळी संकेतस्थळाचा चालक पुष्कळदा एक सोपी युक्ती करतो. जे पान नाही, त्या सर्वांच्या वाचकांना तो सरळ मुखपृष्ठाकडे पाठवून देतो.

वरवर पाहता ही युक्ती सौजन्याची वाटते, पण ती वाचकाची दिशाभूल करते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. अशा एखाद्या जुन्या वाचनालयात तुम्ही एक पुस्तक मागितलेत. पुस्तक हरवले असेल तर ग्रंथपालाने 'ते पुस्तक आता नाही' असे सांगावे. ते न सांगता त्याने तुमचा हात धरून तुम्हाला पुन्हा प्रवेशद्वाराशी आणून उभे केले, तर तुम्हाला काय वाटेल? पुस्तक आहे की नाही, हेच तुम्हाला कळणार नाही. तुम्ही पुन्हा आत जाल, पुन्हा शोधाल आणि वेळ घालवाल.

म्हणून नियम साधा आहे. पानाची जागा घेणारे नेमके दुसरे पान असेल तरच पुनर्निर्देशन करावे. नसेल तर ४०४ म्हणावे, आणि पान जाणूनबुजून काढले असेल तर ४१०. मात्र ते उत्तर कोरडे नसावे. त्या पानावर 'तुम्ही शोधत असलेली माहिती काढली आहे. त्या विषयाची नवी माहिती इथे आहे' अशा दोन ओळी आणि शोधाची चौकट ठेवली, तर वाचक रिकाम्या हाताने परतत नाही.

४ च्या घरात ४५१ असाही एक क्रमांक आहे. कायद्याच्या कारणाने पान दाखवता येत नसेल तेव्हा तो वापरतात. तो २०१६ साली ठरला. रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाच्या १९५३ सालच्या प्रसिद्ध कादंबरीच्या नावात हा आकडा आहे. पुस्तके जाळणाऱ्या समाजाची ती गोष्ट आहे. क्रमांक ठरवणाऱ्यांनाही साहित्याची आवड असते, ती अशी!

पोस्टमन नसलेले टपाल

आतापर्यंत आपण पोस्टमनचा दाखला घेत आलो. पण इथे एक मोठा फरक आहे आणि तो नीट ध्यानात घेतला पाहिजे.

टपालात जुन्या घराचा मालक कोणीही असो, पत्र पुढे पाठवण्याचे काम टपाल खाते करते. इंटरनेटवर असे मधले खाते नाही. 'तिकडे जा' हे सांगण्याचे काम जुन्या पत्त्यावरच्या सर्व्हरलाच करावे लागते. म्हणजे घर सोडले तरी जुन्या दारावर चिठ्ठी चिकटवून ठेवायची, आणि ती चिठ्ठी टिकावी म्हणून ते दारही आपल्याच ताब्यात ठेवायचे! संकेतस्थळाचे नाव ठरावीक मुदतीसाठी पैसे भरून घ्यावे लागते. मुदत संपल्यावर पैसे भरले नाहीत, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग जुन्या पत्त्यावर येणारे तुमचे वाचक त्या परक्याच्या दाराशी जातात. तो परका लबाड असेल, तर तुमच्यासारखेच दिसणारे पान मांडून त्यांच्याकडून पासवर्ड किंवा बँकेची माहितीही काढून घेईल. म्हणून नव्या पत्त्यावर गेल्यानंतरही शहाण्या संस्था जुने नाव कित्येक वर्षे सोडत नाहीत.

नाशिकचेच एक उदाहरण पाहा. नाशिक जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता पूर्वी 'नाशिक डॉट एनआयसी डॉट इन' असा होता. एनआयसी म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. पुढे देशभरातील जिल्ह्यांची संकेतस्थळे नव्या, एकसारख्या साच्यात बसवली गेली आणि नाशिकचा पत्ता 'नाशिक डॉट जीओव्ही डॉट इन' असा झाला. पत्त्यातला एकच शब्द बदलला. पण जुना पत्ता ज्या ज्या पुस्तकात, फलकावर वा दुसऱ्या पानावर छापला गेला होता, तिथे तो बदलायला कोण जाणार? असे दर बदलाच्या वेळी घडते.

शिवाय नाशिकच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. इंग्रजीत हे नाव दोन तऱ्हांनी लिहिले जाते. जुन्या स्पेलिंगमध्ये 'एस' नंतर 'एच' नव्हता, आता तो असतो. लोक दोन्ही लिहितात. नाशिकच्या नावाने संकेतस्थळ काढणाऱ्याने दोन्ही स्पेलिंगांची नावे घ्यावीत आणि एकावरून दुसऱ्याकडे ३०१ लावावे, हे उत्तम. गावांची नावे तर सबंधच बदलतात. १९९५ साली बॉम्बे या इंग्रजी नावाच्या जागी अधिकृतपणे मुंबई आले. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अशा प्रत्येक वेळी हजारो पत्त्यांचा प्रश्न उभा राहतो.

साखळी आणि फेरा

पुनर्निर्देशनात दोन चुका फार होतात.

पहिली चूक साखळीची. २०१० साली पान 'अ' वरून 'ब' कडे नेले. २०१५ साली 'ब' वरून 'क' कडे. २०२० साली 'क' वरून 'ड' कडे. जुन्या चिठ्ठ्या कोणी बदलल्याच नाहीत. आता 'अ' वर आलेल्या वाचकाला तीन दारे ठोठावून 'ड' वर जावे लागते. यात वेळ किती जातो? हिशेब करू या. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर अमेरिकेत, नाशिकपासून १३,००० किलोमीटरवर असेल, तर जाण्यायेण्याचे अंतर झाले २६,००० किलोमीटर. त्याला निदान ०.१३ सेकंद लागणार. कोणतेही यंत्र कितीही वेगवान केले तरी याहून कमी वेळ लागणे शक्य नाही, कारण ही प्रकाशाचीच मर्यादा आहे. तीन दारांचे झाले ०.३९ सेकंद. प्रत्यक्षात तारा सरळ रेषेत जात नाहीत, आणि नव्या सर्व्हरशी ओळख पटवून सुरक्षित जोडणी करायला आणखी काही फेऱ्या लागतात. त्यामुळे हा वेळ कितीतरी वाढतो. दुर्गम पाड्यावर जिथे मोबाइलची एखादीच रेघ दिसते, तिथे पान उघडणे आणि न उघडणे यातला फरक एवढाच असू शकतो. उपाय सोपा आहे. नवा पत्ता आला, की जुन्या सगळ्या चिठ्ठ्या बदलून थेट शेवटच्या पत्त्याकडे बोट दाखवायचे.

दुसरी चूक फेऱ्याची. 'अ' म्हणतो 'ब' कडे जा, आणि 'ब' म्हणतो 'अ' कडे जा! माणूस दोन-तीन खेपांत चूक ओळखतो. यंत्राला ती मोजूनच ओळखावी लागते. म्हणून ब्राउझर किती वेळा वळवले गेलो याची मोजदाद ठेवतो. साधारण वीस वेळा झाले, की तो थांबतो आणि 'फार वेळा पुनर्निर्देशन झाले' असे कळवतो.

मुळात पत्ता बदलूच नये म्हणून

वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८९ साली सर्नमध्ये मांडली. त्यानेच १९९८ साली एक टिपण लिहून बजावले, की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात. म्हणून पत्ता ठरवतानाच पुढच्या अनेक वर्षांचा विचार करा.

एका काल्पनिक शाळेच्या पानाचा पत्ता पाहा : 'शाळा / जोशी सर / नवीन / निकाल डॉट पीएचपी'. यातला कोणता भाग टिकेल? जोशी सरांची बदली होईल. 'नवीन' ते वर्षभरात जुने होईल. 'पीएचपी' हे पान बनवणाऱ्या भाषेचे नाव आहे, उद्या दुसरी भाषा वापराल. त्याऐवजी 'शाळा / २०२५ / निकाल' असा पत्ता ठेवला तर? २०२५ चा निकाल हा कायम २०२५ चाच राहणार. जे बदलणार आहे ते पत्त्यात घालू नये, एवढेच यातले तत्त्व. सर्नने स्वतः २०१३ साली जगातले पहिले संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले, ते याच निष्ठेने.

याहून पुढची युक्ती म्हणजे नाव आणि ठिकाण यांच्या मध्ये एक स्थिर खूण ठेवणे. पिन कोडचा मोठा गुण हाच आहे. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण टपालाला वाट दाखवायला त्या सहा आकड्यांना नावाची गरजच नव्हती. शास्त्रीय निबंधांनाही २००० सालापासून 'डीओआय' नावाचे कायमचे क्रमांक दिले जातात. निबंध एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेला, तरी क्रमांक तोच राहतो. मधली संस्था तो क्रमांक पाहून वाचकाला सध्याच्या ठिकाणी वळवते.

आणि याचे सर्वांत जवळचे उदाहरण तुमच्या दप्तरातच आहे! बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातला काळा-पांढरा क्यूआर चौकोन तुम्ही पाहिला असेल. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या शैक्षणिक व्यासपीठाच्या अशा चौकोनापाशी सहा अक्षर-अंकांची एक खूण छापलेली असते. चौकोनात धड्याचे चित्र नसते की चलचित्र नसते. असतो तो फक्त त्या खुणेकडे नेणारा पत्ता. त्या खुणेला कोणता धडा जोडायचा, ते सर्व्हरवरच्या यादीत ठरते. पुस्तक एकदा छापले, की त्यातली शाई बदलता येत नाही. यादी मात्र बदलता येते. सुरगाण्याच्या शाळेत एकाच पुस्तकाची प्रत दोन-तीन वर्षे हातोहात फिरली, तरी तो चौकोन कामाला यायला हवा. तो येतो की नाही, हे यादी सांभाळणाऱ्यावर अवलंबून असते.

मधली खूण सांभाळणारेच दुकान बंद करू लागले तर? असेही घडते. लांब पत्ते आखूड करून देणारी गूगलची एक सेवा होती. २०१९ साली तिथे नवे पत्ते करणे बंद झाले. नंतर २०२४ साली कंपनीने जाहीर केले, की ऑगस्ट २०२५ पासून जुने आखूड पत्तेही चालणार नाहीत. पुष्कळ लोकांनी ते पत्ते कागदपत्रांत आणि पुस्तकांत वापरलेले होते. अखेर कंपनीने वापरात असलेले पत्ते चालू ठेवण्याचे ठरवले. छापील मजकुरात पत्ता देताना आखूड पत्त्यापेक्षा मूळ पत्ता बरा, तो यासाठी.

आणखी एक सावधगिरी. आखूड पत्ता किंवा क्यूआर चौकोन पाहून तो शेवटी कुठे नेणार हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून तिथे गेल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता वाचल्याशिवाय कोणतीही खासगी माहिती भरू नये.

करून पाहा

१. शाळेच्या संगणकावर ब्राउझर उघडा आणि शिक्षकांच्या मदतीने 'एफ-१२' ही कळ दाबा. जी चौकट उघडेल, तिच्यातील 'नेटवर्क' हा भाग निवडा. आता एखादे संकेतस्थळ उघडा. सर्व्हरकडून आलेले २००, ३०१, ३०२ असे क्रमांक एकाखाली एक दिसतील. नाशिक जिल्ह्याचा वर दिलेला जुना पत्ता टाकून पाहा. काय उत्तर येते? क्रमांक वहीत लिहून ठेवा.

२. संगणक नसेल तरी हरकत नाही. वर्गातील दहा मुलांना 'सर्व्हर' करा. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. काहींच्या चिठ्ठीवर '२००', काहींच्या '३०१, सातव्याकडे जा', काहींच्या '४०४', एकाच्या '४१०'. एक मुलगी 'ब्राउझर' होऊन एकेकाकडे जाईल आणि चिठ्ठी वाचेल. ३०१ मिळाले, तर तिने ते वहीत टिपून पुढच्या खेपेस थेट नव्या क्रमांकाकडे जावे. ३०२ मिळाले तर टिपू नये. दोन चिठ्ठ्या मुद्दाम एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या ठेवा आणि फेरा कसा ओळखायचा याचा नियम तुम्हीच शोधा.

३. शाळेच्या ग्रंथालयातून पाच-दहा वर्षांपूर्वीची मासिके आणि पुस्तके काढा. त्यांत छापलेले संकेतस्थळांचे पन्नास पत्ते जमवा. प्रत्येक पत्ता उघडून चार रकान्यांत नोंद करा : तसाच उघडला, दुसरीकडे नेले, सापडला नाही, भलतेच काही निघाले. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली अशीच एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती, असे तिच्यात आढळले. तुमच्या पन्नासांत हे प्रमाण किती येते?

जे पत्ते मेलेले आढळतील, ते 'वेबॅक मशीन' या संग्रहात शोधून पाहा. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती जपून ठेवते, आणि २००१ पासून त्या कोणालाही पाहता येतात. एखादे हरवलेले पान तिथे सापडले, तर त्याचा पत्ता ग्रंथालयातल्या त्या पुस्तकात, मूळ पत्त्याशेजारी, पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेच पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला तुमच्या त्या एका ओळीमुळे वाट सापडेल. सर्व्हरवरचे ३०१ हेच काम करते.